साहेब, अख्खी संहिता वाचा

आमची एकांकिका १९४८ सालच्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात घडते. तीत निजामाच्या बाजूचा एक सशस्त्र रझाकार पारावर उभा राहून विखारी भाषण ठोकतो. पुढे शाळेतले मौलवीसाब शोएबुल्ला खान या पत्रकाराचा रझाकारांनी खून केल्याची बातमी वाचतात आणि त्याच रझाकारासमोर छाती काढून उभे राहतात. परभणीच्या प्रयोगात कुणीतरी नुसतं भाषणच मोबाईलवर टिपलं. क्लिप गावभर फिरली आणि ठाण्यातून फोन आला : भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (समाजात तेढ पसरवणं) आणि २९९ (धार्मिक भावना दुखावणं) खाली तक्रार आलीय.

वकील मॅडम म्हणाल्या, "माफीनामा लिहून द्यायचा नाही. नाटकाची पूर्ण संहिता द्या आणि पोच घ्या."

या कलमांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार उपअधीक्षकांच्या परवानगीनं गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आम्ही तीच मागितली. सोबत इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २८ मार्च २०२५ चा निकाल जोडला. शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या नजरेनं जोखायचा, असं त्यात आहे. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लावलं, पण त्यानं तक्रार अडत नाही.

चौकशी अधिकाऱ्यांनी भाषणाखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या.

"हे तुम्हीच लिवलं ना?"

"लिहिलं मी, साहेब. बोलतो तो रझाकार. पुढची पानं वाचा."

ते वाचत गेले. मग म्हणाले, "हा एवढं बोलतोय, तरी गाव गप कसं काय?"

"नाटक त्याच्यावरच आहे, साहेब."

हा कायदा मला हवा आहे. मिरवणुकीतल्या एका घोषणेनं गल्लीतली दुकानं पटापट बंद होताना मी पाहिलीत. कलम २९९ तर जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या कृत्यालाच लागतं. पण हेतू कळायला अख्खं नाटक बघावं लागतं, आणि तक्रार करणाऱ्यानं ते बघितलेलंच नसतं.

प्रकरण दप्तरी दाखल झालं, म्हणजे बंद झालं. तरी पुढच्या सभागृहवाल्यांनी भाषण गाळायची अट घातली. रझाकार करणाऱ्या पोराला वडिलांनी तालमीतून काढून घेतलं. त्यांना मी दोष देत नाही. भाषण गाळलं तर मौलवीसाब कुणासमोर उभे राहणार? म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा, १७ सप्टेंबरचा प्रयोग मित्राच्या जिनिंगच्या आवारात लावलाय, भाषणासकट. रझाकारासाठी पोरगा शोधतोय.