अजिचं घर

भूकंपात त्या घराची रस्त्याकडची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली होती. आतला निळा रंग, देवाचा कोनाडा, कॅलेंडरचा खिळा, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. २५ एप्रिल २०१५ ला वर्ष होऊन गेलं होतं. घर उतरवायचं की सावरायचं हे ठरण्याआधी मोजमापं घ्यायला मी नेपाळमधल्या, काठमांडूजवळच्या पाटणला गेले होते.

टेप उघडते न उघडते तोच मिस्त्रीने विचारलं, "सर कधी येणार?"

"आलेत. मीच."

तो ओशाळून हसला. वीस वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता रागही येत नाही.

शिल्लक भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. एका जागी भद्द आवाज आला. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांच्या जुन्या घरांच्या भिंतीत बाहेर घोटीव विटा, ज्यांना दाची अप्पा म्हणतात, आत साध्या विटा आणि मधे मातीची भर असते. दोन्ही थर एकमेकांना नीट बांधलेले नसले की धक्क्याने सुटतात, भिंतीला पोट येतं. तुळया मात्र शाबूत होत्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्यांना लाकडी पाचरी ठोकलेल्या, त्यांना तिकडे चुकुल म्हणतात. वरचा मजला बहुधा त्यांनीच धरून ठेवला असावा. हाताएवढंही लाकूड नाही एकेक.

चहाला थांबलो. मी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरची, हे कळल्यावर सोबतचा इंजिनिअर खुलला. "म्हणजे आर्किटेक्ट हिसिला यमींच्या कॉलेजच्या!"

"बाबुराम भट्टराईंच्या पत्नी ना?" मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि जीभ चावली. "सर कधी येणार"वर मनात धुसफुसणारी मी, पण मलाही आधी नवराच आठवला. तेही तो स्वतः आर्किटेक्ट, चंदीगडला शिकलेला!

इंजिनिअर इथल्याच पुलचोकच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. १९८३ पासून १९९६ पर्यंत हिसिला तिथे शिकवायच्या, त्याच्या आधीच्या बॅचना. मग माओवादी युद्ध सुरू झालं आणि त्या भूमिगत झाल्या. पक्षात नाव 'पार्वती'. शांतता करारानंतर, २००७ मध्ये, भौतिक नियोजन आणि बांधकाम खात्याच्या मंत्री. २०११ मध्ये नवरा नेपाळचा पंतप्रधान झाला. आडनाव मात्र माहेरचंच राहिलं. भूमिगत व्हायचं, म्हणजे ड्रॉइंग बोर्ड कुणाकडे तरी ठेवून निघायचं. ते कसं जमतं, हे मला अजून उमगत नाही. मी तर बदलीच्या शहरातही टी-स्क्वेअर घेऊन फिरले.

घराची म्हातारी मालकीण उंबऱ्यावर बसून ऐकत होती. नेवारीत आजीला अजि म्हणतात. माझ्या तोंडून 'आजी' आलं तरी तिला ते आपलंच वाटलं.

"धर्मरत्नची मुलगी ती," ती मधेच म्हणाली. नेपाळवरच्या राणा घराण्याच्या राजवटीत तुरुंग भोगलेला लेखक. तिच्या हिशोबात मंत्रिपद, पंतप्रधान, आर्किटेक्ट हे सगळं नंतरचं.

इंजिनिअर म्हणाला, "अजि, ती शिकलेली बाई आहे."

"बाप तुरुंगात जाऊन आला, त्याच्या घरात अडाणी कोण राहील?" एवढं बोलून ती माझ्या कागदावर वाकली. मी घाईत नव्या आराखड्याचा अंदाज काढला होता. तिला पायऱ्या चढायला नकोत म्हणून स्वयंपाकघर तळमजल्यावर, मागच्या बाजूला दाखवलं होतं.

"चूल इथे?"

"तुमच्या गुडघ्यांसाठी."

"चूल वर. छपराखाली. खाली आम्ही भांडी-लाकडं ठेवतो." तिने बोटाने कागदावर वर, वर, अगदी वर दाखवलं.

नेवार घरात स्वयंपाक माळ्यावरच असतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. खोडरबर बॅगेच्या तळाशी गेलं होतं, ते सापडेपर्यंत ती बोट तसंच धरून बसली.