उपवासाचे तांदूळ आणि हिशेबाची वही

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चच्या दाराशी वेताची एक मोठी टोपली ठेवलेली असते. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित झालेल्या आणि वर्षभर घरोघरी क्रूसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या लोक त्या टोपलीत आणून टाकतात. आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात नारळ मुबलक असल्यामुळे या झावळ्या नारळाच्याच असतात, आणि कोवळ्या पात्यांचे विणलेले छोटे क्रूसही त्यांत असतात. वाळून तपकिरी झालेल्या त्या पात्या जाळून जी राख होते, तीच बुधवारी फादर आमच्या कपाळाला लावतात आणि माणूस माती आहे व मातीलाच मिळणार आहे, याची आठवण करून देतात.

त्या दिवसांत वाडीत नेमके उलटे चित्र असते. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरू लागलेल्या असतात, शेवगा फुललेला असतो, सोनचाफ्याच्या फुलांच्या पाट्या पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजाराला जात असतात, आणि बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याचे, पाणी रोज बोटभर खाली उतरत असते. इंग्रजीत उपवासकाळाला जो ‘लेंट’ शब्द आहे, त्याचे मूळही वसंत ऋतूसाठीच्या एका जुन्या शब्दात आहे. झाडे भरात असताना माणसाने हात आखडता घ्यायचा, ही गोष्ट मला लहानपणी विचित्र वाटत असे. आता वाटत नाही, कारण घरात काही असते तेव्हाच त्यातले काही बाजूला काढता येते.

नियम थोडे आहेत. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षांच्या माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यायचे, आणि १४ वर्षांपुढील सर्वांनी मांस वर्ज्य करायचे. आमच्याकडची अनेक घरे याच्या पुष्कळ पुढे जातात. चाळीस दिवस मटण नाही, काही घरी मासळीही नाही, आणि लग्ने तर ईस्टरनंतरच. माझी आजी या काळात चहात साखर घालत नसे आणि वाचलेल्या साखरेचे पैसे एका डब्यात टाकत असे. हल्ली चर्चमधून प्रत्येक घराला कागदी पेटी मिळते आणि तिच्यात जमलेली रक्कम सेवाकार्याला जाते, परंतु त्या पेटीमागचा हिशेब आजीच्या डब्याचाच आहे: आपण न खाल्लेला घास दुसऱ्याचा असतो.

शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसमरणापर्यंतच्या चौदा प्रसंगांची (स्थानांची) प्रार्थना असते. पहिले दोन शुक्रवार चर्चमध्ये आणि पुढचे वाडीवाडीतून, असा आमचा प्रघात आहे. चौदा स्थानांसाठी चौदा घरे आधीच ठरलेली असतात, अंगण सारवून किंवा धुऊन समई आणि क्रूस मांडलेला असतो, आणि लाकडाचा मोठा क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेत लोक एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात. प्रार्थना प्रमाण मराठीत, तर दोन स्थानांमधल्या वाटेवरचे बोलणे कादोडीत, आमच्या घरच्या बोलीत, चालते. १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली. त्यापूर्वीची लॅटिन मिस्सा ऐकलेली माझी आजी सांगत असे की शब्द कळत नसत, पण क्रूसाची वाट मात्र तेव्हाही पायांना कळत असे. सहाव्या स्थानी वेरोनिका येशूचा चेहरा पुसते, तेथे आमच्या बायका अजूनही पदराने डोळे टिपतात, आणि त्यात मला कधीही दिखावा जाणवलेला नाही.

या भक्तीचे पुढे काय होते, हे मला येथे मांडायचे आहे.

गेली नऊ वर्षे मी आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातील, संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीची सभासद आहे. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केली. गरिबांच्या घरी कसे जायचे, हे त्या तरुणांना रोझाली रेंदू नावाच्या एका धर्मभगिनीने शिकवले. तेव्हापासूनची मुख्य रीत आजही टिकून आहे: देणगी चर्चच्या दारात वाटायची नाही, दोघादोघांनी मिळून घरी जायचे, बसायचे, बोलायचे आणि कोणाला काय दिले ते बाहेर सांगायचे नाही. अलीकडे वाटपाची छायाचित्रे मोबाइलवरून फिरवण्याची सवय सगळीकडे लागली आहे. आमच्याकडेही एकदा तसे झाले आणि तांदळाची पिशवी हातात धरलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा शेकडो लोकांच्या हातात गेला. ‘उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये’ हे शुभवर्तमान आम्ही राखेच्या बुधवारीच ऐकलेले असते. त्यानंतर मोबाइल पिशवीतच ठेवायचा, असा नियम आम्ही केला.

आमच्या गटाकडे भेटींसाठी वसई तालुक्याच्या पूर्वेकडील वीटभट्ट्यांपैकी एक भट्टी सोपवलेली आहे. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर येतात आणि पुढच्या पावसाआधी परततात, त्यामुळे आमचा उपवासकाळ आणि त्यांच्या कामाचा सर्वांत कष्टाचा काळ एकाच वेळी येतो. पहिली दोन वर्षे आम्ही तेथे तांदूळ, डाळ, तेल आणि जुने कपडे नेले. माझ्यासोबत वाडीतल्या एक मावशी असतात. त्या स्वतः पानवेलीच्या मळ्यात आयुष्यभर राबलेल्या असल्यामुळे झोपडीत शिरताच जमिनीवर बसतात, आणि पाच मिनिटांत त्या घरातल्या होऊन जातात. मला ते जमत नसे. मी यादी तपासत उभी राहत असे.

तिसऱ्या वर्षी, एका शुक्रवारी, साधारण तिशीतल्या एका बाईने तांदूळ आत ठेवले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही बाहेर आणली. “ताई, एवढी वाचून सांगा,” ती म्हणाली. बँकेत तीस वर्षे नोकरी केलेल्या मला ती वही समजायला फार वेळ लागला नाही. दसऱ्याच्या सुमारास घेतलेली उचल, दर आठवड्याची खर्ची, औषधाचे पैसे, टेम्पोचे भाडे आणि दुसऱ्या बाजूला हजार विटांमागे ठरलेला दर असा तो हिशेब होता. त्यात एका आठवड्याची खर्ची दोनदा मांडलेली होती आणि दोन आठवड्यांच्या विटा कोठेच धरलेल्या नव्हत्या. मी ते सांगितल्यावर ती रडली नाही की रागावलीही नाही. तिने नवऱ्याला हाक मारली आणि मला तेच पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावले.

दोन वर्षे मी त्या झोपडीच्या दारात उभी होते आणि तुम्हाला काय हवे आहे, असे मी एकदाही विचारले नव्हते. याची खंत मला आजही आहे.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायातील वाचन असते. ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. देव तेथे विचारतो की मान खाली घालून गोणपाट नेसणे याला तुम्ही उपवास म्हणता काय. मला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे, जुवाचे दोर सोडणे, दडपलेल्यांना मुक्त करणे, असे तो सांगतो, आणि भुकेल्याला भाकरी वाटून देण्याचे वाक्य त्यानंतर येते. आम्ही त्यातले भाकरीचे वाक्य तेवढे पाळत होतो. दोरांचे वाक्य आधीचे आहे, ते मी वही हातात घेतल्यानंतरच नीट ऐकले.

वेठबिगारी नष्ट करणारा कायदा देशात १९७६ मध्ये झाला, आणि आमच्याच तालुक्यात श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी मोठा लढा दिला. हे सर्व माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर घडत होते आणि मी तेव्हा मे महिन्यातल्या लदीनीला, गावातल्या क्रूसांपाशी होणाऱ्या प्रार्थनेला, अगदी नियमाने जात होते.

त्या वहीबद्दल फादर स्वतः आमच्यासोबत भट्टीवर आले. दोनदा मांडलेली खर्ची कमी झाली, विटांपैकी अर्ध्याच धरल्या गेल्या. पुढच्या हंगामात ते कुटुंब दुसरीकडे गेले. आम्हाला यश आले, असे म्हणता येणार नाही. तेव्हापासून मात्र उपवासकाळातल्या भेटींत तांदळासोबत आम्ही कोरी वही आणि पेन नेतो, रोजच्या विटांचा आकडा घरातल्या शाळेत गेलेल्या मुलाकडून लिहवून घेतो आणि दर शुक्रवारी तो ताडून पाहतो. धर्मग्रामातील काही ज्येष्ठांना हे पटले नाही. चर्चने दान द्यावे, व्यवहारात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, परंतु ज्याची मजुरी बुडते आहे त्याला तांदूळ देऊन परत यायचे आणि संध्याकाळी क्रूसाच्या वाटेवर तिसऱ्यांदा पडणाऱ्या येशूसाठी गुडघे टेकायचे, हे मला आता जमत नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या आठवणीसाठी, बारा जणांचे पाय धुतले जातात. २०१६ पर्यंत नियमानुसार ते पुरुषच असत. त्या वर्षी जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियांचाही समावेश झाला. त्यांनी स्वतः २०१३ मध्ये, पोप झाल्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, रोमच्या बालसुधारगृहातील मुलामुलींचे पाय धुतले होते. गेल्या काही वर्षांपासून आमच्याकडेही त्या बारा जणांत रुग्णालयात सफाई करणारी बाई, मच्छी विकणारी बाई, रिक्षा चालवणारा मुलगा अशी माणसे असतात. पाय धुऊन घेणाऱ्यांचा संकोच पाहण्यासारखा असतो. चर्चला येण्याआधीच प्रत्येकाने ते घरी घासून धुतलेले असतात.

२०२५ चा उपवासकाळ ५ मार्चला सुरू झाला आणि ईस्टर २० एप्रिलला आला. शनिवारी रात्री अंगणात अग्नी पेटवून पास्काची मेणबत्ती लावली, अंधाऱ्या चर्चमध्ये एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याने आपली पेटवत उजेड मागच्या बाकापर्यंत गेला आणि चाळीस दिवस न गायलेले ‘आलेलुया’ पुन्हा गायले गेले. सोमवारी दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. प्रकृती साथ देत नसतानाही ते त्या पवित्र गुरुवारी रोमच्या तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले होते. पाय धुणे त्यांना झेपणारे नव्हते, तरी ते गेले. मावशींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “बसायला गेले होते ते.”

मे महिन्यात गावातल्या क्रूसांपाशी लदीन सुरू होते. ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण १९६० मध्ये रोमच्या दिनदर्शिकेतून वगळला गेला, तरी आमच्या वाड्यांनी मे महिना सोडलेला नाही. मरियेची लितानी गायची, फुलांनी मढवलेल्या क्रूसाला हात जोडायचे आणि उकडलेले चणे द्रोणातून वाटायचे. त्याच दिवसांत भट्टीवरची कुटुंबे सामान बांधू लागतात. त्या वर्षी आमच्या अकरा वह्यांपैकी सात शेवटपर्यंत लिहिल्या गेल्या. उरलेल्या चारांपैकी एक चुलीत गेली, दोन पावसात भिजल्या आणि एक मुलाने चित्रांनी भरून टाकली. ती चौथी मी मागून घेतली आहे. तिच्यात बैल आहेत, टेम्पो आहे, आणि मधल्या दोन पानांवर विटांचा आकडाही बरोबर लिहिलेला आहे.