शिंदळ माकुडी: दगडांच्या फटीतला पहिला पावसाळा

यंदा माकुडीला, म्हणजे कड्यांवर वाढणाऱ्या या मांसल खोडाच्या झाडाला, कुंडीतून हलवलं. पाडलेल्या जुन्या घराचे काळे दगड गच्चीच्या कठड्याला तिरके रचले, सांध्यांत खडीची कच, विटांचा चुरा आणि जेमतेम मूठभर पानखत भरलं, आणि मुळं धरलेली कलमं त्यात आडवी खोवली. कोल्हापूरचा आषाढ तुम्हाला सांगायला नको. पाणी दगडावरून वाहून गेलं, खोडं टणक राहिली. तुलनेसाठी कुंडीत ठेवलेली दोन्ही मात्र बुडाशी पिळपिळीत झाली, आणि त्यांना तर पत्र्याखाली ठेवलं होतं!

मुळात हे झाड शिवनेरी, वज्रगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांच्या कपारीतलं. उभ्या कातळावर पाणी थांबत नाही. पावसाळा सरला की दगड तापतो, पानं गळतात आणि नुसती मांसल खोडं लोंबत तग धरतात. म्हणून माती जितकी कमी तितकं बरं, असं माझं मत झालंय. तयार मिळणारं कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण तर याला विषच.

श्रावण संपता संपता कळ्या दिसल्या. फूल साधारण दोन सेंटिमीटरचं, चपटं, पाच टोकांचं, गर्द तांबूस आणि वर पिवळे ठिपके. वास फारसा चांगला नाही, पण तो माश्यांसाठी असतो, आपल्यासाठी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने मुंबईचे गव्हर्नर (१८६२–६७) बार्टल फ्रियर यांच्यावरून या झाडाला फ्रेरिया इंडिका म्हटलं. आता त्याची गणना सेरोपेजियात, म्हणजे कंदीलपुष्पांत होते. याच गटावर आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोठं काम केलंय.

एक खबरदारी. झाड रुईच्या गोतातलं, त्यामुळे बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या पानांवर ताव मारतात. मी त्या उचलून गल्लीच्या टोकाच्या रुईवर सोडतो.

माश्या आल्या, शेंगा मात्र धरल्या नाहीत. माझी सगळी रोपं एकाच झाडाची कलमं, त्यामुळे परागाला दुसरं झाड हवं. कोणाकडे वेगळ्या मूळझाडाचं कलम असेल तर अदलाबदल करू. फक्त रोपवाटिकेत वाढवलेलं, कड्यावरून उपटलेलं नको. दिवाळीनंतर मी पाणी तोडणार आहे, त्याआधी कळवा.