व्हिसावरची एकच अट, दोन आयुष्ये

ब्रिटनमध्ये नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आम्हा भारतीयांच्या परवान्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदतनिधीवर हक्क नाही) ही अट असते. सरकारी रुग्णालय आणि मुलांची सरकारी शाळा तिच्यात येत नाहीत. पण कमी उत्पन्नावर मिळणारा सरकारी भत्ता, घरभाड्यासाठी मदत किंवा बालभत्ता यांतले काहीही मिळत नाही. पगार वेळेवर जमा होत असल्याने या अटीकडे लक्ष देण्याची गरज मला कधी पडली नव्हती. ती पडली रेडिंगमधल्या एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रात, शनिवारी मदतीला जाऊ लागल्यावर.

ट्रसेल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने २००० साली सॉल्झबरीत पहिली फूड बँक सुरू केली. आज अशी केंद्रे देशभर आहेत. डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राने चिठ्ठी दिली की तीन दिवसांचा शिधा मिळतो. शिधा भरण्यापूर्वी आम्ही विचारतो, “घरी शिजवता येईल का?” कारण यांतल्या अनेकांच्या घरी गॅस आणि विजेचे मीटर आगाऊ पैसे भरून चालवावे लागतात आणि त्यांत पैसेच उरलेले नसतात. अशांना नुसत्या गरम पाण्यात तयार होणारे पदार्थ द्यावे लागतात. श्रीमंत म्हणून आपण ज्या देशाचे नाव घेतो, तिथली ही रोजची गोष्ट आहे.

मला सर्वाधिक अस्वस्थ करतात त्या वृद्धांच्या शुश्रूषेसाठी आलेल्या बायका. २०२२ मध्ये या कामासाठी व्हिसा खुला झाल्यावर केरळ, नायजेरिया, झिंबाब्वे येथून अनेकजणी आल्या. काहींनी एजंटला देण्यासाठी जमीन गहाण टाकली. परदेशी कामगार ठेवण्याचा मालकाचा परवाना रद्द झाला की नवी नोकरी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात, आणि तेवढ्या काळात असा भत्ता नाही.

माझी नोकरी गेली तर मलाही तेच साठ दिवस, तीच अट. फरक एवढाच की माझ्याजवळ सहा महिने पुरेल इतकी बचत आहे, माझे शिक्षण अनुदानित महाविद्यालयात कर्जाशिवाय झाले आणि परतायचे ठरले तर पुण्यात वडिलांचे घर आहे. यातले शिक्षण आणि घर मी कमावलेले नाही, आणि बचतही त्यांच्याच आधारावर उभी राहिली. आपल्या मंडळींच्या स्नेहमेळाव्यात “आपण स्वतःच्या मेहनतीवर इथवर आलो” हे वाक्य हमखास ऐकू येते. मला ते आता पटत नाही, कारण बारा-बारा तास उभे राहून काम करणाऱ्या त्या बायकांची मेहनत माझ्याहून कितीतरी जास्त आहे.