डावखुऱ्याची टाकी

मुंबईत गाईडचं काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. ऑक्टोबर ते एप्रिल हा आमचा हंगाम. बॅलार्ड पिअरला क्रूझचं जहाज लागलं की चार तासांत दक्षिण मुंबई दाखवायची, आणि पाहुणे जेवायच्या वेळेला जहाजावर परत. इतक्यांदा केलंय की कुठल्या चौकात कुठलं वाक्य येणार हे पायांनाही पाठ झालंय.

फेब्रुवारीतल्या त्या दिवसाचं बुकिंग मात्र मराठी घरातलं होतं. पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा आजोबांना मुंबई दाखवणार होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, आबा माण तालुक्यातले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मुंबई पहिल्यांदाच बघतायत. चालतात ठणठणीत, फक्त एका डोळ्यानं दिसत नाही."

सकाळी साडेसातला गेटवेला भेटलो. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर कापडी पिशवी. उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. मी नमस्कार केला, नातवानं ओळख करून दिली आणि मी सुरुवात केली. 2 डिसेंबर 1911 ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्यांच्या स्वागताची ही आठवण. पायाभरणी 1913 ची, आराखडा जॉर्ज विटेटचा, उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चं. म्हणजे राजाराणी आले तेव्हा ही कमान उभीच नव्हती. एवढं सांगितलं की लोक हमखास "हो का!" म्हणतात.

आबा काहीच म्हणाले नाहीत, कारण ते तिथं नव्हतेच. कमानीच्या पायाशी जाऊन त्यांनी डावा तळवा दगडावर टेकवला होता. मग अंगठ्याचं नख दोन दगडांच्या मधल्या दरजेतून सावकाश फिरवत नेलं.

"कुठला दगड ह्यो?"

मी सांगितलं, इथलाच, मुंबईच्या उत्तरेकडच्या खारोडीचा. पिवळसर बेसॉल्ट. वरच्या जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या.

"इथलाच म्हंजे आपलाच की. आमच्याकडचा काळा, ह्यो पिवळा. पन आई एकच."

माझ्या तोंडून पटकन "बरोबर" गेलं, आणि मग लक्षात आलं की हे खरंच शब्दशः बरोबर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थरावर थर चढले. माणचा माळ आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्याच काळातल्या अग्नीची लेकरं. हे मी परदेशी पाहुण्यांना सांगते. आबांना ते हाताला कळलं होतं.

"आबांनी पन्नास वर्षं दगड घडवलाय," नातू म्हणाला. "पाटे-वरवंटे, जाती, देवळाच्या पायऱ्या, विहिरीचं बांधकाम, सगळं."

हे त्यानं फोनवर सांगितलं असतं तर मी दिवसच वेगळा आखला असता. पण बरं झालं नाही सांगितलं ते.

आबांचा पुढचा प्रश्न होता, "बसून कुठं घडवत असतील हे? खानीपाशी का हितं?" नुसतं कुतूहल नव्हतं त्यात, कामाची चौकशी होती. एवढा दगड आधी घडवून आणला तर वाटेत कोर फुटते, इथं आणून घडवला तर कपच्यांचा ढीग टाकायचा कुठं. चौदा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विटेट सांगत होते, आबा टाकी-हातोड्यानं दगड घडवणाऱ्यांची बसायची जागा शोधत होते.

तिथून वस्तुसंग्रहालयावरून काळा घोड्याकडे निघालो. संग्रहालयही विटेटचंच. कुर्ल्याचा करडा दगड आणि मालाडचा पिवळट दगड, दोन्ही एकाच भिंतीत. आबा कुंपणाबाहेरूनच म्हणाले, "ह्यो पिवळा नरम असनार." वाटेतल्या एका जुन्या इमारतीच्या भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर पांढरी भुकटी.

"लोना. समुद्राचं मीठ हाय हे. दगड पानी पितो, पानी वाळतं, मीठ आत ऱ्हातं आन् फुगतं. मग पापुद्रा सुटतो."

इमारतींच्या जतनाच्या कार्यशाळेत आम्हाला हेच दोन तास शिकवलं होतं, चित्रं दाखवून.

ओव्हल मैदानाच्या कडेला झाडाखाली बसलो. समोर राजाबाई टॉवर. नातवाचा ऑफिसचा फोन आला, तो बाजूला गेला. मी पिशवीतली वेलची केळी काढली. आबांनी डाव्या हातानं केळं घेतलं आणि लगेच उजव्या हातात बदललं, कुणी बघितलं का असं बघत.

"सवय जात न्हाई," ते म्हणाले. "शाळेत मास्तर डाव्या हातावर रूळ मारायचे. पाटीवर उजव्यानं लिही म्हनायचे. दुसरीत शाळा सोडली. बा म्हनला, चल खानीवर, दगडाला डावं-उजवं कळत न्हाई."

मी टॉवरची गोष्ट सांगितली. 85 मीटर उंची, काम पुरं झालं 1878 मध्ये. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता, म्हणून वेळ कानाला कळावी यासाठी हे टोले. आबांनी मान हलवली. बिनडोळ्यांच्या आईसाठी एवढा दगड रचणाऱ्या लेकाचं त्यांना मनापासून बरं वाटलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

आणि मग मला आठवलं. गाईडच्या परीक्षेच्या वेळी वाचलेलं, एकेकाळी वहीत लिहून ठेवलेलं, आणि वेळ पुरत नाही म्हणून पहिल्याच वर्षी सांगायचं सोडून दिलेलं. मी म्हटलं, "आबा, वर बघा, कोपऱ्यांवर माणसं उभी आहेत. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींची अशी 24 माणसं आहेत या टॉवरवर. त्यांचे नमुने केले राव बहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते इथं सहायक अभियंता होते. दगड पोरबंदरचा. आणि त्या मूर्ती घडवल्या इथंच, बांधकामाच्या जागेवर बसून."

"हितंच?"

"इथंच."

आबा उठले. शाबूत डोळ्यावर हाताची सावली धरून बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांची नजर खाली आली, टॉवरच्या पायथ्यावर, झाडांवर, रस्त्यावर, जशी एखादी ओळखीची जागा शोधावी तशी. "पोरबंदरचा म्हंजे ताकाच्या रंगाचा, नरम. बरोबर हाय. काळ्या दगडात बोटं, नाक, पदर काढायला टाकी मागं उसळती. अंगाला काळा, नखऱ्याला नरम." एवढंच म्हणाले. पण हायकोर्टापर्यंत चालताना दोनदा मागं वळून बघितलं.

हायकोर्टाशी मी नेहमी एक गोष्ट सांगते. आतल्या नक्षीत एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, कललेला तराजू धरलेलं माकड आहे, त्यामागची दंतकथा. लोकांना फार आवडते. त्या दिवशी मी ती सांगितली नाही. आबांचा उजवा डोळा खाणीतल्या कपचीनं नेलेला होता, हे त्यांनी चालता चालता सहज सांगितलं होतं.

हुतात्मा चौकात आबा स्मारकापुढं थांबले. दगडी शेतकरी आणि कामगार, दोघांनी मिळून धरलेली मशाल. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ते लहान होते, पण गावातून मुंबईला गिरणीत गेलेली माणसं सुट्टीत येऊन चावडीवर काय बोलायची ते त्यांना आठवत होतं.

शेजारचा फ्लोरा फाउंटन 1864 चा. मी म्हटलं, हा दगड इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा, जहाजानं आणलेला.

"जहाजानं? आपल्या मुलखात दगडाला तोटा व्हता का?" आबांना खरंच राग आला. नंतर मी सांगितलं की पुढं त्याच्यावर रंगाचे थर चढवले गेले होते, ते सगळे खरवडून 2019 मध्ये तो मूळ रूपात खुला केला, तेव्हा ते निवळले. "बरं केलं. रंग फासला की दगडाचं पानी आतच कोंडतं. बाहेरनं नवरी दिसतो, आतनं कुजतो."

उन्हं चढली होती. नातू परत येऊन म्हणाला, आबा, आता टॅक्सी करू, सीएसएमटी बघू आणि निघू. आबा चालत येतो म्हणाले.

जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या कडेनं जात होतो. या इमारतीकडे माझे पाहुणे फारसं बघत नाहीत, कारण समोर सीएसएमटी उभं असतं. जॉन बेगचा आराखडा, 1913 मध्ये पूर्ण, घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा. एका दमात सांगते आणि रस्ता ओलांडते. आबा मात्र जोत्याच्या काळ्या दगडांना हात लावत चालले होते. आता डावाच हात, बेधडक.

एकदम थांबले. मागं आले. पुन्हा पुढं गेले.

"बाय, हिकडं ये. हात लाव."

मी हात लावला. टाकीचे बारीक घाव, तिरपे, पावसाच्या सरीसारखे.

"आता ह्याला लाव."

शेजारच्या दगडावर तेच घाव. माझ्या बोटांना काही कळेना. आबांनी माझं मनगट धरलं, बोटं पहिल्या दगडावरून दुसऱ्यावर ओढत नेली. आणि कळलं. पहिल्यावरचे घाव एका बाजूला झुकलेले, दुसऱ्यावरचे उलट बाजूला. मग मी ती रांग दोन्ही बाजूंना निरखून पाहिली. एकाच दिशेच्या सरी, आणि मधला हा एकटा दगड उलट्या सरींचा.

"उजव्या हातात हातोडा असला की टाकी अशी कलती," आबांनी मुठी वळून दाखवलं. "डाव्यात असला की अशी. ह्यो डावखुरा व्हता."

ते दगडासमोर उकिडवे बसले. एका हातात नसलेली टाकी धरली, डाव्या हातात नसलेला हातोडा, आणि सावकाश एकेक घाव घालत वरून खाली आले. ओठांनी बारीक ठक्, ठक् असा आवाज. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या घावांवर त्यांची मूठ इतकी नेमकी पडत होती की माझ्या अंगावर काटा आला. नातू फोन खिशात ठेवून शेजारी येऊन बसला. "आबा, मला दाखवा," म्हणाला. आबांनी त्याची बोटं धरली.

ऑफिसची माणसं आमच्या बाजूनं लोकलकडे धावत होती. एक चहावाला किटली घेऊन थांबला, बघितलं, पुढं गेला. मी चौदा वर्षं या जोत्यावरून चालत होते.

सीएसएमटी आम्ही समोरच्या फुटपाथवरूनच पाहिलं. फाटकावरचा सिंह आणि वाघ, जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी घडवलेली पानंफुलं, मोर, माकडं. आबांनी पाच मिनिटं बघितलं आणि "लई सुंदर" म्हणाले. पण मान वळवून ते जीपीओच्या बाजूलाच बघत होते.

निघताना मी फीचं पाकीट परत करायला गेले, नातवानं घेतलं नाही. आबांनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, त्यात गूळ आणि शेंगदाणे होते. "माळावरच्या शेंगा हायत," म्हणाले. डाव्या हातानंच माझ्या ओंजळीत ओतले.

आता जीपीओपाशी मी अकरा मिनिटं थांबते. जहाजावरची माणसं असोत की शाळेची सहल, प्रत्येकाला त्या दोन दगडांवर हात ठेवायला लावते. लहान मुलांना लवकर कळतं. परवा सातवीतल्या एका मुलीनं डोळे मिटून बोटं फिरवली, मग हळूच डावा हात वर करून म्हणाली, "ताई, मीपण."