नोटिशीतली शून्यं

परभणीच्या कोर्टाबाहेर मी १९ वर्षं टायपिंग करते. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर. डोक्यावरचा कडुनिंब तोच. अब्रूनुकसानीच्या नोटिसा या हातांनी किती टाइप केल्या, मोजलं नाही. बांधावरून, मोडलेल्या सोयरिकीवरून, सरपंचकीवरून. साचा ठरलेला: 'माझे अशील समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती असून...' मग ७ दिवसांत जाहीर माफी, नाहीतर अमुक लाख.

मागच्या महिन्यात गल्लीतल्या काकू तसलीच नोटीस पदराखाली धरून आल्या. मागं त्यांची लेक. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.) स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होती तेव्हा वय २१. सरांनी पेपर दाखवतो म्हणून केबिनमध्ये बोलावलं आणि आतून कडी लावली. पुढचं तिनं इन्स्टाग्रामवर लिहिलंय, ते तिनंच सांगायचं. नाव घेतलं नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावरचा क्लास म्हटलं की गावाला कळतंच, आणि कायद्यालाही तेवढं पुरतं. माणूस ओळखू आला की झालं. म्हणून सरांची नोटीस आली.

"ताई, पंचवीस लाख म्हणायलेत. घर विकलं तरी येत न्हाईत. कामून लिव्हलं म्हणावं हिनं?"

मी आधी पाणी दिलं. मग सांगितलं, काकू, ही वकिलाची चिठ्ठी आहे, कोर्टाचा कागद नाही. दिवाणी दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. नोटिशीत मात्र शून्यं फुकट असतात. मीच टाइप केलीत ना.

भीती वेगळीच असते. भारतीय न्याय संहितेचं अब्रूनुकसानीचं कलम ३५६, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ४९९-५००. २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. हे फौजदारी कलम सुप्रीम कोर्टानं २०१६ साली कायम ठेवलं. खरं बोलले म्हटल्यानं सुटका होत नाही. ते खरं होतं आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितलं, हे तिनंच दाखवायचं. बंद केबिनमधलं खरं कुठून दाखवणार? आणि तारखा. परभणीत तारीख म्हणजे नुसती तारीख नव्हे, अर्धी गल्ली "आज कुठं निघाल्या?" विचारते.

पत्रकार प्रिया रमाणींचं मी तिला सांगितलं. त्यांनी एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला, म्हणून अकबर यांनी केंद्रात मंत्री असताना ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टानं रमाणींना निर्दोष सोडलं. बाईला दशकांनंतरही, तिला हव्या त्या जागी तक्रार मांडता येते, असं त्या निकालात आहे. अकबर अपिलात गेले. तरी ते वाक्य कागदावर आहे. पोरीनं फक्त विचारलं, "मधली सव्वादोन वर्षं त्या काय करत होत्या?" मला उत्तर आलं नाही.

पोलिसात का नाही गेलीस, हे शेजारच्या टेबलावरच्या वकीलताईंनी विचारलंच. योग्य जागी सद्हेतूनं केलेल्या तक्रारीला कायद्यात अपवाद आहे, म्हणून. ती म्हणाली, तेव्हा घरात सांगायचीसुद्धा हिंमत नव्हती. आता का लिहिलंस? "जूनमध्ये नवीन बॅच सुरू होते. माझी मामेबहीण त्याच क्लासला नाव घालणार होती." वकीलताईंनी पेन उचललं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी सद्हेतूनं बोलणं, हाही अपवादच.

उत्तर मी टाइप करत होते. ताई सांगत होत्या, '...माझ्या अशिलाच्या अब्रूला हात घातला...' बोटं सवयीनं पुढं गेली. आमच्याकडं अजून असंच म्हणतात, अब्रू घेतली, अब्रू गेली. सरांचीही अब्रूच गेलीय म्हणे. बाईची गेली की झाकायची, बाप्याची गेली की व्याजासकट मागायची.

"ते अब्रू काढा," पोरगी म्हणाली. "त्यांनी मनगट धरलं होतं. मनगट लिहा."

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. बॅकस्पेस दाबून मनगट लिहिलं, उजवं की डावं विचारलं, तेही लिहिलं.

रजिस्टर पोस्ट बंद झालंय, आता स्पीड पोस्ट. पावती काकूंनी बटव्यात ठेवली. पोस्ट अजून तिच्या अकाउंटवर आहे. पानाचे पैसे मी घेतले नाहीत, तर काकू दुसऱ्या दिवशी डब्यात धपाटे ठेवून गेल्या.