तुम्ही विचारलंत म्हणून: समिटबाईंनी पुरुषांची टीम का नाही घेतली?

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला आमच्याकडे येणारे पाहुणे बहुतेक स्मोकी माउंटन्सच्या वाटेवरचे असतात. ऑक्टोबरात डोंगर रंगायला लागले की अटलांटा, शार्लटकडून गाड्या भरून येतात. पोहे-चहा झाला की मी त्यांना आधी टेनेसी विद्यापीठातून एक चक्कर मारून आणते. तिथे बास्केटबॉलच्या भल्यामोठ्या अरेनाजवळ पॅट समिट यांचा पुतळा आहे. मी सांगते: मुलींच्या टीमच्या कोच, 38 सीझन, 1,098 विजय, 208 पराभव, 8 राष्ट्रीय विजेतेपदं. फोटो काढून होतात आणि मग कोणीतरी, शक्यतो एखादे काका, विचारतातच: "एवढ्या मोठ्या कोच होत्या, तर पुरुषांची टीम का नाही मिळाली त्यांना?"

तेव्हा सगळ्यांना डोंगरात पोचायची घाई असते, त्यामुळे माझं उत्तर अर्धवट राहतं. ते इथे पुरं करते.

मिळत होती, काका. विद्यापीठाकडून दोनदा विचारणा झाली. त्यावर बाईंनी उलट विचारलं, की ही बढती कशी काय? आणि नाही म्हणाल्या. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण त्यांच्या तोंडून ते का आलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

समिटबाई टेनेसीतल्याच, क्लार्क्सव्हिलजवळच्या शेतकरी घरातल्या. गावच्या हायस्कूलमध्ये मुलींची टीम नव्हती, तर वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या काउंटीत हलवलं. लेकीला खेळता यावं म्हणून घर बदलणारा बाप त्या काळात विरळाच, आणि हे गृहस्थ काही लाड करणाऱ्यातले नव्हते. तंबाखूच्या शेतात आणि गोठ्यात मुलीकडून मुलांइतकंच काम करून घ्यायचे. पुढे मोठ्या भावांचं कॉलेज खेळाच्या स्कॉलरशिपवर झालं. हिच्या वेळी मुलींना तशी स्कॉलरशिपच नव्हती, फी घरून भरावी लागली.

1974 मध्ये त्या टेनेसी विद्यापीठात एम.एस. करायला आल्या. वय 22. नेमणूक मदतनीस म्हणून होती, पण मुख्य कोच रजेवर गेल्या आणि टीम हिच्या गळ्यात पडली. पगार महिना 250 डॉलर. शिकायचं, शिकवायचं, दुखावलेला गुडघा सांभाळत ऑलिंपिकसाठी स्वतः खेळायची तयारी करायची, आणि उरलेल्या वेळात ही टीम. व्हॅन बाईच चालवायच्या, जर्सी बाईच धुवायच्या. त्या जर्सी घ्यायला डोनट विकून पैसे उभे केले होते. पहिली मॅच मर्सरविरुद्ध, 84-83 अशी एका गुणाने हरल्या. 1976 मध्ये माँट्रियलला खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळालं, 1984 मध्ये लॉस एंजेलिसला कोच म्हणून सुवर्ण. पण विद्यापीठाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला 1987 साल उजाडावं लागलं. तेरा वर्षं थांबायची तयारी आज कुठल्या विद्यापीठाची असेल, मला शंका आहे. तेव्हा होती, कारण मुलींच्या टीमकडे फारसं कोणाचं लक्षच नव्हतं!

शिक्षणात लिंगभेद करता येणार नाही, असं सांगणारा टायटल नाइन कायदा 1972 मध्येच झाला होता. कागदावर. टेनेसीच्या हायस्कुलांत मात्र 1979 पर्यंत मुली सहा-सहा जणींचं अर्ध्या कोर्टाचं बास्केटबॉल खेळत होत्या: तिघींनी बास्केट करायची, तिघींनी अडवायचं, मधली रेघ ओलांडायची नाही. पूर्ण कोर्टभर धावणं मुलींना झेपणार नाही, अशी समजूत. समिटबाई याच्याविरुद्ध उघड बोलल्या, कारण अर्धाच खेळ शिकून आलेल्या मुलींना कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागे.

बाईंची शिस्त ऐकली की आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई मवाळ वाटायला लागतात. वर्गाला दांडी नाही, आणि बसायचं पहिल्या तीन बाकांतच. त्यांची नुसती नजर इथे इतकी प्रसिद्ध आहे की माझी शेजारीण अजून तिची नक्कल करून नातवंडांना गप्प करते. सगळ्याच मुलींना हे मानवत नसणार. काही मध्येच सोडूनही गेल्या. पण ज्यांनी कॉलेजातली खेळायची सगळी वर्षं त्यांच्याकडे पूर्ण केली, त्यांच्यातली एकही पदवीशिवाय राहिली नाही. मला 8 विजेतेपदांपेक्षा हे मोठं वाटतं. पाहुण्यांना नाही वाटत, असो.

1990 ची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मी कोणाला सोडत नाही. दिवस भरत आलेले, तरी बाई एका शाळकरी खेळाडूला टीमसाठी पटवायला पेनसिल्व्हेनियाला तिच्या घरी गेल्या. तिथेच पाणी गेलं. परतीच्या विमानात पायलट म्हणाला, व्हर्जिनियात उतरवतो. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या टीमने यांना स्पर्धेबाहेर काढलं होतं. बाईंनी साफ नकार दिला, मुलगा नॉक्सव्हिललाच झाला. आणि जिच्यासाठी एवढा आटापिटा केला ती मुलगी आधी नोत्र दाम विद्यापीठात गेली! नंतर तिथून इकडे आली आणि 1996 च्या विजेत्या टीममध्ये होती.

2006 च्या करारात त्यांचा पगार वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर गेला. महिला बास्केटबॉलच्या कोचला एवढे पैसे पहिल्यांदाच मिळत होते. म्हणजे जी जागा 250 डॉलरची आणि कपडे धुण्याची होती, ती त्यांनी तिथेच बसून इथवर आणली. पुरुषांच्या टीमकडे गेल्या असत्या तर दुसऱ्या कोणीतरी घडवलेली आयती खुर्ची मिळाली असती. 2011 मध्ये, 59 व्या वर्षी, अल्झायमर झाल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, त्यानंतरही एक सीझन काढला आणि 2012 मध्ये थांबल्या. 2016 मध्ये गेल्या.

काकांच्या प्रश्नाची दुसरी बाजू कोणी विचारत नाही. टायटल नाइन कायदा झाला तेव्हा अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या टीम्सवर, सगळे खेळ धरून, 90 टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या. 2014 पर्यंत तो आकडा 43 टक्क्यांवर आला. पगार वाढले तसे पुरुष आले. त्यांना कोणी विचारलं नाही, की तुम्ही मुलींची टीम का घेतलीत.

राहता राहिलं पुरुषांना शिकवणं. समिटबाईंच्या प्रॅक्टिसला विद्यापीठातली मुलं समोरची टीम म्हणून खेळायची. उंच, वेगवान, पण कॉलेजच्या टीममध्ये जागा न मिळालेली. मॅचमध्ये खेळायचं नाही, स्कॉलरशिप नाही, नुसत्या मुलींच्या धडका खायच्या आणि बाईंचा ओरडा. तरी जागा कमी आणि येणारे जास्त.